धाकटं कार्ड

शिलाई मशीनचं चाक थांबलं होतं, पण चाकावरचा हात अजून उचललेला नव्हता. टीव्हीच्या पडद्यावर एक बाई आवाजावाचून बोलत होती. आल्याआल्या त्यानेच आवाज बंद केला होता, कामाची सवय म्हणून. आता खोलीत ऐकण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. अर्धी शिवलेली बाही सुईखाली अडकून पडली होती, आणि त्याने विचारलेला प्रश्नही तसाच, मध्येच कुठेतरी टोचून राहिला होता.

प्रश्न साधा होता. "ताई, दुसरा बॉक्स कुठे ठेवलाय?"

गेले काही आठवडे तो हा प्रश्न घरोघरी विचारत आला होता. कुणी आतल्या खोलीकडे बोट दाखवी, कुणी माळ्याकडे, कुणी हसून सांगे की दुसरा नातवाने आपटला. डिशच्या कंपनीने टीव्हीच्या बॉक्समधली सगळी जुनी स्मार्ट कार्डं बदलायला काढली होती. महिना संपला की जुन्या कार्डावर चित्र दिसणार नव्हतं. त्याआधी डिश असलेल्या प्रत्येक घरी जायचं, बॉक्सच्या फटीतलं जुनं कार्ड ओढून काढायचं, ग्राहकाच्या डोळ्यांदेखत त्याच्या सोनेरी चिपवरून कात्री चालवायची, नवं सरकवायचं आणि पुढचं घर गाठायचं. वस्तीत त्याला आता स्वतःचं नाव उरलं नव्हतं. "कार्डवाला आला" म्हणून लोक दार उघडत, आणि तोही त्या हाकेला निमूट ओ देई.

"दुसरा म्हणजे?" टेलरबाईंनी अखेर विचारलं.

"तुमच्याकडे जोडी आहे ना. एक मोठं कार्ड, एक धाकटं. कंपनीने दोन नवी पाठवलीत, म्हणजे बॉक्सही दोन हवेत."

"धाकटा इथे नसतो."

"मग कुठे असतो?"

"धाकटीकडे." त्यांनी हात चाकावरून काढून मांडीवर ठेवला. "माझ्या बहिणीकडे."

दोन्ही बॉक्स एकाच छपराखाली असावेत असा कंपनीचा नियम होता, आणि तो मोडण्यासाठीच असल्यासारखा सगळे वागत. म्हणून तर जुन्या जोडकार्डांत एक पाचर मारलेली होती. धाकटं कार्ड महिनाभर चाले. मग त्याचा बॉक्स पडदा काळा करून एकच ओळ दाखवी: हे कार्ड मुख्य बॉक्समध्ये घालून मुदत वाढवा. ते कार्ड घेऊन मोठ्या बॉक्सपाशी यावं लागे, मिनिटभर त्याच्या फटीत ठेवावं लागे, की आणखी एक महिना मिळे. धाकटा बॉक्स कुणी शेजाऱ्याला देऊन टाकू नये, यासाठी योजलेली ती दर महिन्याची हजेरी होती.

"म्हणजे त्या दर महिन्याला इकडे येतात?"

"येते."

"मग झालं की. पुढच्या खेपेला बॉक्सच घेऊन या म्हणावं. दोन मिनिटांचं काम."

"कसं म्हणू? ती येते तेव्हा मी घरात नसते."

"आणि तुम्ही असता तेव्हा?"

"तेव्हा ती येत नाही." टेलरबाई हसल्या. तोंडात धरलेल्या टाचण्या सांभाळत हसावं, तसं ते ओठ मिटून हसणं होतं. "असे बघू नका, भाऊ. वेड लागलेलं नाही मला. वेड लागलेल्या बाईकडे कुणी ब्लाउज शिवायला टाकत नाही."

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना बाहीची शिवण बोटांनी सरळ करत राहिल्या. आईवडलांच्या मागे दोघी बहिणीच या घरात. एका रिमोटवरून रोज महाभारत, म्हणून दोन खोल्यांत दोन बॉक्स घेतले. दोन्हींना उरलेल्या छिटाच्या खोळी शिवल्या, काठाला हिरवी पट्टी लावून. एके दिवशी दुपारी धाकटी इथे, या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली आणि काहीतरी विचारू लागली. मशीन चालू होतं. वाटलं, एवढी शिलाई संपवू, मग ऐकू. संपवून मान वर केली तर दार रिकामं. संध्याकाळपर्यंत तिची खोलीही रिकामी आणि बॉक्स गेलेला.

"काय विचारत होत्या?"

"तेच तर." त्यांनी दोरा तोडला. "माणसं जाताना दागिने नेतात. हिने टीव्हीचा डबा नेला. तेव्हा रागाने म्हटलं, बरं झालं. महिन्याने कपडे पोचवून घरी आले आणि बघते, तर हे असं."

त्यांनी टीव्हीखालच्या बॉक्सकडे मान केली. त्याच्यावर फुलाफुलांची खोळ होती, काठाला हिरवी पट्टी. पुढच्या बाजूला कार्डाच्या फटीवरचं लहान झाकण उघडं होतं.

"झाकण उघडं. लहानपणापासून तिचं तसंच. डब्याला झाकण नाही, पेनाला टोपण नाही, दाराला कडी नाही. मी आपली मागून सगळं लावत फिरायची. आता लावत नाही. तिने उघडं टाकलेलं असतं ते पुढच्या खेपेपर्यंत तसंच ठेवते. तिची खेप आली की कपड्यांचं गाठोडं घेऊन बाहेर पडते, किल्ली चौकटीवर ठेवते, आणि मुद्दाम लांबची गिऱ्हाइकं आधी करते. परत येते तेव्हा टीव्ही कोमट असतो."

त्याने रिमोट घेतला आणि मोठ्या बॉक्सच्या आतल्या पानावर गेला. ही पानं ग्राहकांना ठाऊक नसतात. तिथे दोन्ही कार्डांचे क्रमांक एकाखाली एक होते, सख्खे. फक्त शेवटचा आकडा वेगळा. मोठ्याचा सहा, धाकट्याचा सात. सातच्या पुढे लिहिलं होतं की मुदत परवाच वाढवली आहे, आणि ती महिनाअखेरीला संपेल. बाई खोटं बोलत नव्हती.

"ताई, मग तुमच्यासाठी चांगलीच बातमी आहे," तो उत्साहाने म्हणाला. प्रत्येक जोडीवाल्या घरात तो हे वाक्य म्हणत असे. "नव्या कार्डात ही कटकट नाही. ज्याच्या त्याच्या बॉक्सशी एकदा जुळवलं की कायमचं. मोठ्याकडे यायलाच नको."

"म्हणजे तिला यावं लागणार नाही."

"अजिबात नाही."

इतर घरांत या जागी लोक सुटल्यासारखं हसत. इथे पुन्हा ती मघाची शांतता आली, आपली जागा ओळखीची असल्यासारखी येऊन बसली. टेलरबाईंनी मशीनच्या पायडलवरून पाय खाली घेतले, आणि इतक्या वेळाने त्याला प्रथमच दिसलं की ही बाई घाबरली आहे. चोराला घाबरावं तशी ती भीती नव्हती. चोर यायचा थांबेल, याची होती.

"नको," त्या म्हणाल्या. "मोठं बदला हवं तर. धाकट्याला हात लावू नका."

"मोठं बदललं की ते जुन्या धाकट्याला ओळखणार नाही."

"मग दोन्ही राहू द्या."

"महिनाअखेरीला दोन्ही बंद पडतील, ताई. ते माझ्या हातात नाही."

"महिनाअखेरीला तिची एक खेप आहे. ती होऊ द्या. त्या दिवशी या." त्यांनी बाही पुन्हा सुईखाली घेतली. "तुमच्या कंपनीला म्हणावं, लोकांच्या घरातलं माणूस तोडायला काय कात्री घेऊन हिंडता?"

मशीन सुरू झालं. त्याने नव्या कार्डांचं पाकीट पिशवीत टाकलं आणि निघताना सवयीने बॉक्सचं झाकण लावायला हात पुढे केला. मशीन तत्क्षणी थांबलं. त्याने हात मागे घेतला.

*

दुकानात त्या दिवसांत पाऊल ठेवायला जागा नव्हती. कार्डांबरोबर लोक बॉक्सही बदलत होते. जुने बॉक्स दुकानात येऊन पडत, आणि तिथून पुसून, तपासून, आतली मेमरी कोरी करून पुन्हा विकले जात. लांबच्या वस्त्यांत अजून त्यांना गिऱ्हाईक होतं. प्रत्येक बॉक्सच्या आत कुणाचं तरी राहणं साचलेलं असे. आवडत्या चॅनेलांची यादी, मुलांपासून लपवून घातलेलं कुलूप, कमी ऐकू येणाऱ्या माणसाने वर चढवून ठेवलेला आवाज. मागचं बटण थोडा वेळ दाबून धरलं की हे सगळं जाई, आणि पडद्यावर कुठली भाषा हवी असा पहिल्या दिवसाचा प्रश्न येई. या कामाचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं.

दुकान दोघा भावांचं. थोरला गच्च्यांवर आणि छपरांवर डिश लावी. हा जमिनीवरचं, म्हणजे बॉक्सचं पाही. गल्ल्यावर वहिनी. दुकानाच्या पाटीला निळा रंग द्यायचा की हिरवा, यावरून दोघा भावांचं थेट बोलणं जे थांबलं ते थांबलंच. पाटी अर्धी निळी होती, अर्धी कोरी.

"वहिनी, दादाला सांगा, वायरचं भेंडोळं संपलंय," तो म्हणाला. दादा हाताच्या अंतरावर उभा राहून बूट घालत होता.

"त्याला सांग, मी बहिरा नाही," दादा म्हणाला.

"भाऊजी, ते बहिरे नाहीत," वहिनी पावतीवरून मान न उचलता म्हणाल्या. "अहो, भाऊजी म्हणतायत वायर संपली. देवाशप्पथ, तुम्हा दोघांच्या मध्ये मलाच एक डिश लावा. निदान भाडं तरी मिळेल."

दुसऱ्या दिवशी बाहेरगावचा एक व्यापारी जुन्या बॉक्सचा मोठा माल उचलायला येणार होता. त्यामुळे त्या दुपारी तो सगळ्यांत खालच्या फळीवरचे बॉक्स काढत बसला. जुना बॉक्स विकत घेतल्यावर आतलं कार्ड तो लगेच काढत नसे; ही त्याची स्वतःची पद्धत होती. कार्ड असलं की फटीत धूळ शिरत नाही, आतले पत्रे गंजत नाहीत. बाटलीला बूच तसं बॉक्सला कार्ड. गिऱ्हाईक ठरलं की मगच कार्ड ओढायचं, कापायचं, मेमरी कोरी करायची. दादा यावरून वहिनींमार्फत पुष्कळ टोमणे मारी, पण त्याचे बॉक्स पहिल्या झटक्यात चालू होत, हे दादालाही कबूल होतं.

ओढायचं, कापायचं, टोपलीत टाकायचं. हाताला लय आली होती. तळाचा बॉक्स त्याने पुढ्यात घेतला. त्याच्यावर इतकी धूळ होती की बोट फिरवलं तर वाट उमटली. फटीवरचं झाकण मुळातूनच तुटलेलं. त्याने कार्ड ओढलं, कात्री उचलली, आणि त्याचा हात तसाच राहिला.

कार्ड कोमट होतं.

चालू बॉक्समधून काढलेलं कार्ड असं लागतं, कुणी बराच वेळ मुठीत धरलेल्या नाण्यासारखं. त्याच्या बोटांना ही ऊब पाठ होती. पण हा बॉक्स चालू नव्हता. त्याची वायर त्याच्याभोवतीच गुंडाळलेली होती आणि गुंडाळीवर कोळ्याने जाळं विणलं होतं. त्याने कार्ड उलटं करून क्रमांक वाचला. शेवटी सात. मागचे सगळे आकडे तो आठवू लागला, आणि एकेक आकडा त्याच्या आठवणीवर बरोबर बसत गेला.

"वहिनी, हा बॉक्स कुणी आणून दिला?"

वहिनींनी चष्मा वर केला. "तो होय. भाड्याच्या खोल्यांची मालकीण आली होती बघा, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. मागच्या थंडीच्याही आधीची गोष्ट. तिची एक भाडेकरीण दवाखान्यात वारली. सामान न्यायला कुणीच आलं नाही, म्हणून विकतेय म्हणाली. रिमोट मागितला तर म्हणे, उशाखाली सापडला. त्याचं मागचं झाकण नव्हतं, सेल रबराने बांधलेले."

"नाव काय त्या बाईचं? वारलेल्या?"

"मी काय जनगणनेला बसलेय? का हो?"

"याच्यावर खोळ होती का? फुलाफुलांची?"

वहिनींचा चेहरा जरा ओशाळला. "हिरव्या पट्टीची. छान शिवलेली होती, टाकवेना. मी मिक्सरला घातली."

मग उठून त्याने बॉक्स टेबलावर ठेवला, जाळं झटकलं, कार्ड परत आत घातलं आणि वायर दुकानातल्या टीव्हीला लावली. त्याला ठाऊक होतं काय दिसणार: काळा पडदा, आणि मुदत वाढवा ही ओळ. हे कार्ड वर्षभराहून जास्त त्या फळीवर पडून होतं. त्याची मुदत कधीच संपलेली असणार. ते दिसलं की आपल्या मनातलं वेडंवाकडं सरळ होईल, म्हणून त्याला ते पाहायचं होतं.

पडदा उजळला आणि चित्र आलं. एक बाई बोलत होती, आवाजावाचून. त्याने आवाज बंद केलेला नव्हता. निदान या बॉक्सचा तरी नाही. तो आतल्या पानावर गेला. धाकटं कार्ड, मुदत वाढवली, आणि पुढे तारीख. टेलरबाईंच्या घरी पाहिलेलीच तारीख.

"चालतोय की," वहिनी म्हणाल्या. "मग तोंड का असं?"

त्याने समजावून सांगितलं. वहिनींना त्या कामातलं सगळं कळत नसे, पण महिन्यातून एकदा जाऊन यावं लागतं एवढं कळलं. त्या गल्ल्यामागून उठल्या.

"तुम्हीच कधीतरी घेऊन गेला असाल त्या बाईंकडे."

"मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो या महिन्यात."

"मग ह्यांनी." त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली. "अहो, हा खालच्या फळीवरचा बॉक्स तुम्ही कधी हलवलात?"

"त्याला सांग," दादा शिडी खांद्यावर घेत म्हणाला, "मी जमिनीवरच्या वस्तूला हात लावत नाही." पण तो गेला नाही. वहिनींचा असा आवाज त्याने कधी ऐकला नसावा. शिडी भिंतीला टेकवून तो आत आला, पडद्याकडे पाहिलं, खालच्या फळीकडे पाहिलं. धुळीत बॉक्सच्या आकाराचा स्वच्छ चौकोन उरला होता. त्याच्याभोवती धूळ कुठेही मोडलेली नव्हती. दादाने सगळं ऐकलेलं होतं. ऐकायला त्याला कधीच मध्यस्थ लागत नसे.

"काप ते," दादा म्हणाला.

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. तो त्यांच्याशी बोलत नव्हता.

"ऐकतोयस ना? काप. आत्ताच्या आत्ता."

इतक्या काळानंतर भावाने आपल्याला उद्देशून काढलेले ते पहिले शब्द होते, आणि ते भीतीने काढलेले होते. त्याने कात्री उचलली. फटीतून कार्डाची कड दिसत होती. ओढलं की पडदा काळा होईल, कापलं की सगळं संपेल. त्याला उंबऱ्यावर उभी राहून काहीतरी विचारणारी एक बाई दिसली, आणि मान खाली घालून चाक फिरवणारी दुसरी. त्याने कात्री खाली ठेवली.

"हे माझं कापायचं नाही, दादा," तो म्हणाला. ग्राहकाच्या डोळ्यांदेखत कापतात. तोच नियम होता.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला एक बॉक्स कमी मिळाला. वहिनींनी मिक्सरवरची खोळ काढून धुतली, इस्त्री केली आणि त्याच्या टेबलावर आणून ठेवली.

"सांगून टाका त्यांना," त्या म्हणाल्या. "बहीण गेल्याचं माणसाला कळायला हवं. सुतक राहिलंय अंगावर."

"आणि दर महिन्याचं?"

"ते मला विचारू नका. मी रात्रीचं दुकानाकडे बघायचं सोडलंय."

*

महिन्याचा शेवटचा दिवस. ऊन कललं होतं आणि टेलरबाईंची गल्ली अर्धी सावलीत गेली होती. तो बॉक्स काखेत घेऊन चालत होता, खोळ घातलेली, वायर खोळीच्या आत दुमडलेली. वाटेत त्याला जाणवत होतं की खोळीतून कुशीला ऊब लागते आहे. ऊन आहे, त्याने स्वतःला सांगितलं. गल्लीत वळल्यावर ऊन राहिलं नाही.

टेलरबाई दाराला कुलूप घालत होत्या. कपड्यांचं गाठोडं पायाशी होतं. किल्ली चौकटीवर ठेवायला त्यांनी टाचा उचलल्या, आणि वळल्या तेव्हा समोर तो होता.

"आज तिची खेप आहे," त्या हळू म्हणाल्या. "इथे थांबू नका. काम उद्या करू."

"ताई, जरा ऐकून घ्या."

"वाटेत ऐकते. चला."

"इथेच ऐका." त्याने बॉक्स पुढे केला.

त्यांनी बॉक्सकडे पाहिलं नाही, खोळीकडे पाहिलं. कापडात काम करणाऱ्या माणसाचे डोळे आधी कापडावर जातात. त्यांनी हिरवी पट्टी चिमटीत धरली, उलटी केली, आणि कोपऱ्यातल्या शिवणीवर बोट थांबवलं.

"हे उसवलं होतं," त्या म्हणाल्या. "तिने हाताने परत घातलंय. बघा टाके. लांब लांब. कितीदा सांगितलं होतं, आखूड घाल."

मग त्याने सांगितलं. आडवळणं न घेता, एका दमात: भाड्याची खोली, दवाखाना, किल्ल्यांचा जुडगा असलेली मालकीण, खालची फळी. तुमची बहीण वारली, हे शब्द त्याने मुद्दाम स्पष्ट म्हटले, की पुन्हा विचारायची वेळ येऊ नये. त्या ऐकत राहिल्या. गल्लीतून एक सायकल गेली. त्यांनी ती जाईपर्यंत वाट पाहिली.

"एकटीच होती?"

"मालकीण होती म्हणे शेवटी."

"कुणा परक्या बाईला विचारलं असेल तिने मग. जे विचारायचं होतं ते." त्यांनी पदराने डोळे पुसले नाहीत, डोळे कोरडेच होते. "कधीची गोष्ट ही?"

"मागच्या थंडीच्याही आधीची."

त्या मनाशी काहीतरी जुळवत होत्या. "तेव्हापासूनच," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून फरशीवर पावलं उमटत नाहीत. दारात एवढा चिखल, आणि आत एक डाग नाही. मी म्हटलं, पुसून गेली असेल. पण धाकटी आणि पुसून जाईल?" आणि त्या हसल्या, तेच ओठ मिटलेलं हसू.

"ताई, हे कार्ड मी काढलं तेव्हा..."

"सांगू नका. गरम असेल." त्यांनी तळहात खोळीवर पसरला. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात, तसा. "आज रात्री हे बंद पडणार ना?"

"दोन्ही."

"आणि नवी घातली की ये-जा नाही."

"नाही."

"हा बॉक्स इथेच ठेवला तर? आत, मोठ्याशेजारी?"

त्याला उत्तर ठाऊक होतं; फक्त ते असं कधी कुणाला द्यावं लागलं नव्हतं. "मग कुठून यायचं आणि कुठे परत जायचं, हा प्रश्नच नाही. दोन्ही एका छपराखाली. कंपनीचा मूळ नियमच तो आहे."

"मूळ नियमच तो आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात आता ती त्या दिवशीची भीती नव्हती. "उद्या सकाळी या. दोन्ही नवी कार्डं घाला. मी घरात असेन."

तेव्हा त्याला आतून आवाज आला. तो आवाज त्याने झोपेतही ओळखला असता: कार्ड फटीत सरकून बसताना होणारी बारीक, कोरडी टिचकी. दाराला कुलूप होतं. किल्ली चौकटीवर होती; तिची कड त्याला दिसत होती. खिडकीच्या पडद्यामागे, सावलीत, निळसर उजेड एकदा थरथरला आणि स्थिर झाला.

त्याच्या हातांतला बॉक्स आता कोमट नव्हता. गार पडत चालला होता, हातात धरलेला एखादा हात सुटावा तसा.

टेलरबाईंनी बॉक्स त्याच्याकडून घेतला. वाकून, आतल्या माणसाला सहज उचलता येईल असा, उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर ठेवला. झाकण तुटलेली बाजू दाराकडे केली. खोळीची घडी नीट केली. मग जराशी मोडली, आणि तशीच राहू दिली.

"ताई," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच खालच्या फळीवरून आल्यासारखा वाटला. "आत कोण आहे?"

त्यांनी गाठोडं उचलून कमरेवर घेतलं, एकवार खिडकीकडे पाहिलं, आणि त्या निघाल्या. लांबच्या गिऱ्हाइकाकडे जाणारी वाट त्यांनी धरली. गल्लीच्या टोकाला सावली संपत होती, तिथवर त्या घाई न करता चालत गेल्या, आणि मग कोपऱ्यावरून वळल्या.